चांदी काळी पडली म्हणून खोटी ठरत नाही

भाद्रपदात महालक्ष्म्या जवळ आल्या की जालना, अंबड, भोकरदन, परतूरकडच्या घरांतून चांदीची भांडी बाहेर निघतात. वर्षभर कपाटात राहिलेलं ताम्हण, निरांजन, करंडा काळवंडलेलं असतं आणि मग हाताला लागेल त्याने घासणं सुरू होतं. ‘जालना, सोन्याचा पालना’ म्हणणाऱ्या या गावात आजी-पणजीकडून आलेल्या चांदीला घराघरांत जपतात. पण जपण्याच्या नावाखाली तिची झीजच होऊ नये, म्हणून हे काही गैरसमज दूर करायलाच हवेत.

गैरसमज : चांदी काळी पडली, म्हणजे ती भेसळीची.
वस्तुस्थिती : लक्ष्मीपूजनाचं ९९९ शुद्धतेचं नाणंसुद्धा काळं पडतं. हवेत गंधकाचे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्यांच्याशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. लोखंडासारखा हा गंज नव्हे. अंडी, कांदा, लसूण, रबर, लोकर यांतही गंधक असतं. म्हणून चमच्यांना रबरबँड लावून ठेवलं की नेमका तिथेच काळा पट्टा उमटतो. शुद्धता ओळखायची ती हॉलमार्कवरून किंवा सराफाकडे तपासून, रंगावरून नव्हे.

गैरसमज : टूथपेस्ट, राख किंवा रांगोळीने घासलं की चांदी नव्यासारखी होते.
वस्तुस्थिती : चमक येते, पण चांदी घासली जाते. मोहच्या कठीणपणाच्या मापावर चांदी जेमतेम २.५ ते ३, तर दाताचं आवरण ५च्या आसपास. दातांसाठी केलेली पेस्ट चांदीवर बारीक ओरखडे पाडणारच. रांगोळी तर दगडाचीच भुकटी. करंड्यावरची वेलबुट्टी दर सणाला थोडी थोडी सपाट होत जाते ती अशाने.

गैरसमज : चिंच, लिंबू किंवा मोसंबीच्या साली चोळल्या की काळेपणा जातो.
वस्तुस्थिती : जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण चांदी उजळणं काही तिचं काम नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यांना छान लागू पडतात, कारण तिथला ऑक्साइडचा थर आम्लात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड चिंच-लिंबाला दाद देत नाही. दागिन्यात मोती असतील तर आम्लाने त्यांचं पाणीच उतरतं.

गैरसमज : फॉइल आणि सोड्याने चांदी विरघळते.
वस्तुस्थिती : उलट, ही पद्धत काळ्या थरातली चांदी जागेवर परत आणते. आधी भांडी साबणाच्या पाण्याने धुऊन हळद-कुंकू, तेल काढून टाका. स्टीलच्या पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल अंथरा, भांडी फॉइलला टेकतील अशी ठेवा. लिटरभर उकळत्या पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून ते वर ओता. अ‍ॅल्युमिनियम थरातलं गंधक सोडवून घेतं आणि चांदी धातुरूपात मागे राहते. काही मिनिटांत फॉइल काळवंडतं, सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा. थर जाड असेल तर पाणी बदलून पुन्हा करा. मग स्वच्छ धुऊन सुती फडक्याने लगेच कोरडं करा.

गैरसमज : ही युक्ती चांदीच्या सगळ्याच वस्तूंना चालते.
वस्तुस्थिती : मोती, खडे किंवा लाख भरलेल्या वस्तू गरम पाण्यात घालू नयेत. मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा उठावही त्यात जातो. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी नसतेच. तिथे या उपायाचा भरवसा नाही.

गैरसमज : चांदी बांधून ठेवली, वापरली नाही, तरच टिकते.
वस्तुस्थिती : रोज पूजेला लागणारं निरांजन रोजच्या पुसण्या-धुण्याने कमी काळवंडतं. बाकीच्या वस्तू पूर्ण कोरड्या करून, मऊ सुती कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. दमट हवेत काळेपणा लवकर चढतो. म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली तर उत्तम. एवढं केलं की पुढच्या महालक्ष्म्यांना घासाघीस जवळजवळ करावीच लागणार नाही.