ग्रीक स्मृतिपात्रे : अक्षरांवरून ओळख आणि जतन

अथेन्सच्या प्लाका भागातील किंवा ऱ्होड्स बेटावरील दुकानांतून प्रवासी जी हाताने रंगविलेली मृत्पात्रे आठवण म्हणून घरी आणतात, त्यांना येथे स्मृतिपात्रे म्हटले आहे. त्यांपैकी पुष्कळशी इ. स. पूर्व सहाव्या व पाचव्या शतकांतील अथेन्सच्या पात्रांच्या प्रतिकृती असतात. तांबूस पार्श्वभूमीवर काळ्या आकृती असल्यास ती कृष्णचित्र शैली आणि काळ्या पार्श्वभूमीवर तांबूस आकृती असल्यास ती रक्तचित्र शैली होय. अशा पात्राचे वय ठरविताना दृष्टी प्रथम चित्राकडे जाते. परंतु चित्र हे मुळातच नकलेसाठी घेतलेले असल्यामुळे ते काळाचा पुरावा ठरत नाही. तळावरील अक्षरे मात्र कारागिराच्या स्वतःच्या काळाची भाषा बोलतात.

‘हाताने बनविलेले’ या अर्थाचा ग्रीक शब्द तळावर वारंवार आढळतो. काथारेवुसा या ग्रांथिक भाषेत तो ‘खिरोपिइतोन’ असा नकारान्त, तर दिमोतिकी या लोकभाषेत ‘खिरोपिइतो’ असा असतो. ग्रीसमध्ये 1976 साली लोकभाषेला राजमान्यता मिळाली. तेव्हा अन्त्य ‘न’ दिसल्यास पात्र त्यापूर्वीचे असण्याचा संभव वाढतो. त्याचप्रमाणे 1982 साली अनेक स्वराघातचिन्हे व श्वासचिन्हे जाऊन एकच स्वराघातचिन्ह उरले. म्हणून लहान अक्षरांतील मजकुरावर ही जुनी चिन्हे असल्यास तीही त्याच दिशेने बोट दाखवितात. तथापि जुना शिक्का पुढे दीर्घकाळ वापरात राहू शकतो. सबब हा पुरावा संभाव्यतेचा आहे, निर्णायक नव्हे.

चित्रातील नावेही तपासावीत. व्हॅटिकनच्या संग्रहात एक्सेकियास या कलावंताचे, सुमारे इ. स. पू. 540 ते 530 मधील एक पात्र आहे. ते आपणच रंगविले व घडविले, असे त्याने त्यावर लिहिले आहे. त्याच्या नावातील ‘क्स’ हा ध्वनी तेथे दोन अक्षरांनी लिहिला आहे; कारण अथेन्सच्या जुन्या वर्णमालेत त्यासाठी स्वतंत्र अक्षर नव्हते, आणि ‘ओमेगा’ही नव्हता. आयोनियन वर्णमाला तेथे अधिकृतपणे इ. स. पू. 403 मध्ये स्वीकारली गेली. खासगी लेखनात तिची अक्षरे त्याआधीही शिरली होती. म्हणून सहाव्या शतकातील शैलीच्या अथेनियन पात्रावर ‘ओमेगा’ आढळल्यास प्रतिकृतीचा संशय बळावतो. उलट, जुने वळण अचूक असले म्हणून पात्र प्राचीन ठरत नाही. चांगला नक्कलकार अक्षरेही उतरवून घेतो.

‘हाताने रंगविलेले’ म्हणजे ‘हाताने घडविलेले’ नव्हे. चाकावर घडविलेल्या पात्राच्या आत बोटांची वलये दिसतात. साच्यातील पात्रावर जोडाची रेघ आढळू शकते. भिंगाखाली समान ठिपक्यांची जाळी दिसली तर चित्र छापील होय. कुंचल्याच्या रेषेची जाडी कमीअधिक होत जाते. प्राचीन काळा रंग हा गाळीव मातीचा लेप असून, भट्टीतील हवा आत घेऊन, कोंडून व पुन्हा आत घेऊन तो पक्का केला जाई. अनेक स्मृतिपात्रांवर मात्र भाजल्यानंतर रंग चढविलेला असतो.

जतनाचे नियम यातूनच निघतात. न भाजलेला रंग पाण्याने सुटतो, म्हणून पात्र भिजवू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. ओल्या कापसाची चाचणी घ्यावयाची झाल्यास ती दर्शनी नसलेल्या जागी, अगदी अल्प प्रमाणात घ्यावी. ॲसिटोन व तत्सम द्रावके टाळावीत. पात्र कानाला धरून न उचलता तळाला आधार द्यावा. रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे त्यात अन्न किंवा पेय ठेवू नये.

तळावरील अक्षरे मात्र कधीही पुसू नयेत वा खरडू नयेत. ती गेली की प्रामाणिक प्रतिकृतीही पुढच्या हातात प्राचीन वस्तू म्हणून विकली जाऊ शकते. ग्रीसमध्ये पुराणवस्तूंना कायद्याचे संरक्षण आहे व त्या अनुज्ञेशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून पात्र प्राचीन असावे अशी खरोखर शंका आली, तर ते स्वच्छ करण्यापूर्वीच संग्रहालयातील तज्ज्ञास दाखवावे. एरवी तळाचे छायाचित्र आणि खरेदीचे स्थळ व वर्ष एका चिठ्ठीवर नोंदवून पात्रासोबत ठेवावे. स्मृतिपात्राचे मोल त्याच्या प्राचीनतेत नाही. ते कोणी, कोठून व केव्हा आणले या माहितीत आहे, आणि ती प्रथम हरवते.