विश्लेषण : मिरवणुकीतला मावळा इतिहासातला की मालिकेतला? जुन्या पोशाखाची आणि शस्त्रांची प्रतिकृती पारखायची कशी?

आधी शाळांची स्नेहसंमेलने, मग १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि ३१ मे रोजी चौंडीत अहिल्यादेवी होळकर यांची जयंती. या महिन्यांत ड्रेपरीवाल्यांकडे ऐतिहासिक पोशाखांना उसंत नसते. पोशाख मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो. चमकदार सॅटिनचा अंगरखा, त्याला सोनेरी लेस, कमरेला शेला, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात आरशासारखी लखलखणारी तलवार. फेब्रुवारीत हा वेश मावळ्याचा असतो, मे महिन्यात तोच होळकरांच्या शिपायाचा होतो.

यात बिघडले काय, असा प्रश्न पडू शकतो. हौसेचा कार्यक्रम असेल तर फारसे काहीच नाही. पण लढाईचा प्रसंग ‘जसा घडला तसा’ उभा करायचा असेल, गडावर शस्त्रप्रदर्शन मांडायचे असेल किंवा हजारो रुपये मोजून प्रतिकृती विकत घ्यायची असेल, तर बरोबर काय आणि चूक काय हे ठरवावे लागते. मंचावर दिसले तेच मुलांच्या डोळ्यांत बसते. पुढे त्या चित्राशी जुळत नाही ते सगळे खोटे, असा उलटा न्याय सुरू होतो.

पहिला प्रश्न : वर्ष कोणते, माणूस कोणाचा?

‘शिवकालीन’, ‘पेशवेकालीन’ हे शब्द पारखायला अपुरे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. जामखेड तालुक्यातील खर्ड्याजवळ ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अलीखानाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि अखेर मराठ्यांच्या अटी मान्य केल्या. याच तालुक्यातील चौंडीच्या अहिल्यादेवींचे निधनही त्याच वर्षी, १३ ऑगस्टला महेश्वरला झाले. रायगडावरचा राज्याभिषेक १६७४ चा. म्हणजे त्या सोहळ्यात आणि खर्ड्यात १२१ वर्षांचे अंतर आहे. आजपासून १२१ वर्षे मागे गेलो तर आपल्या पणजोबांचे कपडे आपण घालू का? तरीही खर्ड्याचा देखावा करताना १६७४ चा मावळा सर्रास उभा केला जातो.

खर्ड्याच्या मैदानावर एकाच प्रकारचा मराठा शिपाई नव्हता. स्वतःचे घोडे घेऊन आलेला शिलेदार होता, सरकारी घोड्यावरचा बारगीर होता. दौलतराव शिंद्यांच्या बाजूने पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणी होत्या. समोर निजामाकडे रेमाँ या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याची फौज होती. या कवायती पायदळाकडे चकमकीची बंदूक असे, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. शिवकाळातल्या बंदूकधाऱ्याकडे प्रामुख्याने तोड्याची बंदूक होती, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणारी. देखाव्यातल्या बंदुकीच्या चापाजवळ वात धरणारा आकडा आहे की गारगोटी धरणारा चिमटा, एवढे पाहिले तरी शतकाची चूक पकडता येते. तांब्याच्या छोट्या टोपीवर हातोडी आपटणारी बंदूक तर एकोणिसाव्या शतकातली. ती या दोन्ही देखाव्यांत बसत नाही.

आता एक कसोटीचा प्रसंग. खर्ड्याच्या देखाव्यात एखादी मुलगी इंग्रजी धर्तीचा लाल कोट घालून, खांद्यावर बंदूक टाकून आली तर? पाहणारे हसतील, कोणी चिडेलही. पण ती बरोबर असेल. निजामाच्या जनान्याच्या रक्षणासाठी स्त्रियांची ‘जफर पलटण’ होती, तिचा पोशाख इंग्रजी शिपायांच्या धर्तीवर बेतलेला होता आणि ती खर्ड्याच्या मोहिमेत होती. त्याच देखाव्यात सॅटिनचा ‘मावळा’ कोणाला खटकणार नाही, आणि चूक मात्र तोच असेल. डोळ्यांना खटकणे हा पुरावा नव्हे, हे या विषयातले पहिले पथ्य.

पुरावा शोधायचा कुठे?

त्या काळात, शक्यतो त्याच भागात, प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र सर्वांत मोलाचे. खर्ड्याच्या काळासाठी आपले नशीब चांगले आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. पगडीची बांधणी, अंगरख्याचा गळा, कापडाची जाडी हे सगळे त्यांत दिसते. एक सावधगिरी हवी. दरबारात बसलेला माणूस आणि घोड्यावर लढणारा माणूस एकाच कपड्यात नसतो. वेल्सचे चित्र पाहून साध्या स्वाराला मलमल नेसवणे ही वेगळी चूक.

शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली काही चित्रे लंडन, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम येथील संग्रहांत आहेत. आपल्या डोळ्यांसमोर येते ते चित्र मात्र बहुतेक वेळा नंतरच्या छापील तसबिरी, कॅलेंडरे, चित्रपट आणि मालिका यांच्यातून आलेले असते. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा, हे ध्यानात ठेवलेले बरे.

चित्रातले बारकावेही बोलतात. जामा किंवा अंगरख्याचे बंद डाव्या बगलेखाली बांधले आहेत की उजव्या, यावरून तो माणूस हिंदू की मुसलमान याचा अंदाज अभ्यासक घेतात, कारण मुघल काळात तसा संकेत होता. इथे मोबाइलवाल्यांनी जपावे. इंटरनेटवर अनेक चित्रे आरशात पाहिल्यासारखी उलटी फिरतात आणि बंदांची बाजू बदलते. त्यामुळे संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील प्रतिमेशी ताडून पाहावे. प्रत्यक्ष वस्तू पाहायच्या तर अहिल्यानगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळ आहे.

कापडाची जन्मतारीख

प्रत्येक साहित्याला जन्मतारीख असते आणि ती लपवता येत नाही. शिलाई मशीन घराघरांत, दुकानांत पोचले ते १८५० नंतर. त्यामुळे आतली शिवण उघडून पाहिली आणि दोन्ही बाजूंनी एकसारखे, यंत्राचे टाके दिसले, तर कापड कितीही जुने वाटो, ते काम पेशवाईचे नव्हे. पहिला कृत्रिम रंग, जांभळट ‘मॉव्ह’, विल्यम पर्किनने १८५६ मध्ये शोधला. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, हळद, लाख अशाच रंगांवर भिस्त होती. लाल आणि निळा रंग तेव्हाही झकास येत असे, पण डोळे दिपवणारा राणी रंग हा नंतरचा पाहुणा. पॉलिएस्टर १९४१ चे. चेन आणि वेल्क्रो विसाव्या शतकातले.

कापड सुती की पॉलिएस्टर हे ओळखायला आतल्या शिवणीतला एकच धागा काढून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून टणक काळा मणी होतो. (भाड्याच्या अंगरख्यावर हा प्रयोग करण्याआधी ड्रेपरीवाल्याला विचारावे.)

सगळे हाताने शिवलेलेच हवे का? अमेरिकेत यादवी युद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्या मंडळींत हा वाद अनेक दशके चालू आहे. निष्काळजी वेश करणाऱ्याला ते ‘फार्ब’ म्हणून हिणवतात, तर फार काटेकोर माणसाला ‘टाके मोजणारा’ म्हणतात. व्यवहारात एक तोडगा चालतो : प्रेक्षकाला दहा फुटांवरून दिसते ते आधी सुधारा. म्हणजे आतली शिवण मशीनची चालेल, पण कापड सुती हवे आणि अंगरख्याखालून डोकावणारे स्पोर्ट्स शूज, मनगटी घड्याळ ही पहिली हकालपट्टी. पगडीचेही तसेच. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी लग्नात शोभते, पण ती शिवकाळातल्या शिपायाच्या डोक्यावर ठेवायची वस्तू नाही.

तलवार : वजन नव्हे, तोल पाहा

बाजारातल्या बहुतांश शोभेच्या तलवारी सारख्या जाडीच्या पत्र्यातून कापलेल्या असतात. लढाईची तलवार अशी नसते. पाते मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते, म्हणून वजन हाताकडे राहते. म्यानातून काढून पाते बोटावर तोलून धरावे. तोल मुठीपासून फार दूर, पात्याच्या मध्याकडे गेला, तर ती वस्तू भिंतीवर लावण्यासाठी बनवली आहे. अशी तलवार दोन-चार वार केले की मनगटाला जाणवते. ‘खरी तलवार प्रचंड जड असायची’ हा लोकप्रिय समज आहे. प्रत्यक्षात जुन्या तलवारी साधारण एक किलोच्या आसपास भरतात.

मूठ कशी बसवली आहे तेही पाहावे. जुन्या पद्धतीत पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेने पक्की करत. वेल्डिंगचा फुगवटा किंवा नटबोल्ट दिसला तर विषय संपला. स्टेनलेस स्टील १९१३ च्या सुमाराचे, त्यामुळे कधीच न गंजणारे पाते ऐतिहासिक असू शकत नाही. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ त्याने पकडता येते, पण स्टेनलेसचे काही प्रकार चिकटतात, काही नाही. पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली म्हणजे जुने पोलाद, असेही नाही. ती आम्लाने किंवा लेसरने पृष्ठभागावर उमटवता येते. तोच आकार ठरावीक अंतराने पुन्हा आला तर संशय घ्यावा.

उलट, पात्यावर परदेशी अक्षरे आहेत म्हणून तलवार नकली ठरवू नये. युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवत आणि तिला ‘फिरंग’ म्हणत. जफर पलटणीच्या लाल कोटासारखीच ही गोष्ट.

काही तडजोडी केल्याच पाहिजेत. जुन्या उत्तम ढाली गेंड्याच्या कातड्याच्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विचारही करू नये. म्हशीचे कातडे किंवा फायबर हाच पर्याय आहे. धारही नको. बोथट पाते ही प्रतिकृतीची उणीव नव्हे.

आणि ‘अस्सल शिवकालीन’ म्हणून विकली जाणारी तलवार?

इथे खिशाचा प्रश्न येतो. १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि तिच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे परवाना नसलेला विक्रेता एक तर कायदा मोडतो आहे किंवा नवी वस्तू गंजवून विकतो आहे. दोन्ही बाबतींत घेणारा अडकतो.

वस्तू खरोखर जुनी असली, तरी ती ‘कोणाची’ हा वेगळा प्रश्न. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. ती अफजलखानाच्या वधात वापरलेलीच आहेत याचा पुरावा नसल्याचे खुद्द त्या संग्रहालयाने सांगितले होते. एवढी मोठी संस्था हात राखून बोलते, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा विक्रेता छातीठोक प्रमाणपत्र देतो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद धारदार पात्याची शस्त्रे नोंदलेली आहेत आणि अधिसूचित भागात त्यांना परवाना लागतो. शिवाय सणावारात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी, शस्त्रबंदीचे आदेश निघतात. मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात विचारून घेणे सोपे.

लष्करी गणवेशाचे नियम आणखी कडक आहेत. अहिल्यानगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे गाव, त्यामुळे शाळांच्या कार्यक्रमांत १९७१ चे प्रसंग हमखास असतात. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत हुतात्मा झालेले परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘पूना हॉर्स’चे होते. त्यांचा ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा याच शहरात जतन केलेला आहे. त्या काळचा लष्कराचा रंग सपाट ऑलिव्ह ग्रीन. दुकानांत मिळणारी ठिपक्यांची ‘डिजिटल’ नक्षी सेनादिनी, १५ जानेवारी २०२२ रोजी लोकांसमोर आली. म्हणजे तिच्यात ५० वर्षांची चूक आहेच, शिवाय या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत. नाटकासाठी वेश करायला हरकत नाही. मात्र आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने तो घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यक्रम संपल्यावर त्याच वेशात बाजारात फिरण्याआधी कपडे बदललेले बरे.