कुंपणच शेत खाते तेव्हा...

संक्रांतीच्या सुमारास भर दुपारी बारा वाजता आपल्या दक्षिणेकडच्या बांधावर जाऊन उभे राहा. शेजाऱ्याने तिथे सुबाभळीची दाट ओळ लावली असेल, तर हरभऱ्याच्या कितव्या काकरीपर्यंत सावली पडली आहे ते बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस वीस फूट उंच झाडाची सावली ऐन दुपारीही सतरा-अठरा फूट उत्तरेला पडते. बांध दोनशे फूट लांब असेल तर हिशेब करा. तीन गुंठ्यांच्या वर रान उन्हावाचून राहिले. सकाळ-संध्याकाळची लांब सावली वेगळीच, आणि मुळ्यांनी ओढलेले पाणी तर दिसतही नाही.

मग भांडण होते. "तुमच्या झाडांनी माझं पीक खाल्लं," असे एक म्हणतो. "माझ्या बांधावर मी काय वाटेल ते लावीन," असे दुसरा म्हणतो. दोन वर्षांत बोलणे बंद, तिसऱ्या वर्षी कोर्टाची पायरी. वकिलाची फी तीन गुंठ्यांतल्या हरभऱ्यातून कधी निघत नाही, हे दोघांनाही माहीत असते, पण माघार कोण घेणार?

आधी झाडाविषयी. सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेतली. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या 'बाएफ' संस्थेने चारा आणि सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला. झाड गुणाचे आहे. पाला प्रथिनांनी भरलेला, मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, लाकूड जळाऊ. पण चांगल्या जमिनीत ती वर्षात दहा-बारा फूट सहज चढते. शेंगा वाळून तडकल्या की बी शेजारच्या रानात उधळते. बियांचे कवच टणक, त्यामुळे ते मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि दर पावसाळ्याला उगवत राहते. वरून तोडली तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणजे दोष झाडाचा नाही, लावून विसरणाऱ्याचा आहे.

म्हणून पहिला उपाय छाटणीचा. ओळ कंबरेइतकी राखायची आणि वर्षातून तीनदा कोयता चालवायचा: पोळ्याच्या सुमारास, दसऱ्याला रब्बीच्या पेरणीआधी आणि संक्रांतीला. शेंगा हिरव्या असतानाच छाटले तर बी पडण्याचा प्रश्नच येत नाही. दसऱ्याची छाटणी मात्र चुकवू नये, कारण पुढचे चार महिने सावली त्याच उंचीवर ठरते. पाला जनावरांना घालताना एवढे लक्षात ठेवा की त्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये. घोड्या-गाढवांना तर देऊच नये, अंगावरचे केस गळतात.

दुसरा उपाय चराचा. मुळ्यांचा त्रास असेल तर आपल्याच हद्दीत, बांधापासून दोन फूट सोडून, दोन-अडीच फूट खोल चर काढा. आडव्या पसरणाऱ्या मुळ्या तुटतात. फार जवळ खणले तर बांध ढासळेल आणि भांडणाला नवे कारण मिळेल. चर दरसाल साफ करावा लागतो, नाहीतर मुळ्या पुन्हा आत येतात.

आता कायद्याचे. बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचे. आपल्या हद्दीवर लोंबलेल्या फांद्या हद्दीपुरत्या तोडण्याचा हक्क कोर्टांनी मानलेला आहे. पण त्यासाठी शेजाऱ्याच्या रानात शिरता येत नाही, आणि तोडलेले लाकूड त्याचेच राहते. आधी सांगून, शक्यतो लेखी कळवून तोडावे. सुबाभूळ, निलगिरी यांना 1964 च्या झाडे तोडण्याच्या अधिनियमातील अनुसूची लागू नाही. मात्र बांधावर आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह किंवा साग असेल तर परवानगी असल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका, मग झाड स्वतःचे असले तरी. आणि रात्री गुपचूप बुंध्यात डिझेल ओतायचे, साल काढायची, हे उद्योग तर मुळीच नकोत. नुकसान तुमचे झालेले असते आणि पोलीस ठाण्यात आरोपी म्हणूनही तुम्हीच उभे राहता.

खरी अडचण बहुतेक ठिकाणी वेगळीच असते. बांध नेमका कुठून जातो, हेच दोघांना ठाऊक नसते. हद्दीचे दगड केव्हाच नांगराखाली गेलेले असतात. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत हातभर उरलेला असतो, आणि झाड कोणाचे यावर दोघेही शपथ घ्यायला तयार! अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे हाच मार्ग. अर्ज आता ऑनलाइनही भरता येतो. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला तर मोजणी एकाची राहत नाही, दोघांची होते, आणि निकालही दोघे मानतात.

इथे गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. तलाठी भाऊसाहेब हद्द ठरवू शकत नाहीत, ते काम मोजणीदाराचे. पण 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाने हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे, आणि त्या नष्ट होऊ न देण्याचे काम गावच्या महसूल कर्मचाऱ्यांचे आहे. मोजणी झाली त्याच दिवशी दोघांच्या समोर दगड रोवून घ्या. 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती ज्या गावात अजून बसते, तिथे असा वाद पहिल्याच वर्षी आणावा. तिसऱ्या वर्षी आणलेला वाद झाडाचा राहत नाही, मानापमानाचा होतो.

आणि बोलायचे कसे? चावडीवर चार माणसांत नको. शेजाऱ्याला दुपारी बारा वाजता आपल्या रानात बोलवा. सावलीच्या कडेने आधीच काठ्या रोवून ठेवा. "अण्णा, एवढं रान बघा. काठीच्या अलीकडचा हरभरा आणि पलीकडचा हरभरा, तुम्हीच सांगा," एवढेच म्हणा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा भांडत नाही. मग छाटणीला तुमचा गडी द्या, पाला त्याच्या गोठ्यात जाऊ द्या. ठरले ते साध्या कागदावर लिहा: उंची किती, छाटणी कधी, गडी कोणाचा. दोघांच्या सह्या, दोन पंचांच्या सह्या.

बांध तोच राहणार आहे, आणि शेजारीही. रात्री-अपरात्री विहिरीवर मोटार अडली, गोठ्यात गाय अडली, तर पहिली हाक त्यालाच जाते. येत्या दसऱ्याला शिलंगणाचे सोने द्यायला त्याच्या घरी जाल, तेव्हा छाटणीचा दिवसही ठरवून या.