नाट्यवाचनातील वक्ता आणि क्रियापद

मराठीत 'प्रयोग' या एकाच शब्दावर तीन व्यवहार विसंबून आहेत : प्रयोगशाळेतील परीक्षण, रंगमंचावरील सादरीकरण आणि व्याकरणातील कर्तरी, कर्मणी, भावे ही वाक्यरचना. प्रायोगिक नाटकाचे जाहीर वाचन म्हणजे प्रयोगावाचूनचे प्रायोगिक नाटक. ते समजून घेण्यास मात्र व्याकरणातील अर्थच अधिक उपयोगी पडतो.

अशा वाचनात नट संहिता हाती धरून बसतात. नेपथ्य व वेशभूषा नसतात. रंगसूचना निवेदक वाचतो. खर्च नाही, म्हणून तिकीटही नाही. १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'ने आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने जी रंगभूमी जोपासली तीही अल्पसाधनच होती. वाचन तिच्याही एक पायरी खाली उतरते. या रंगभूमीचे एक प्रमुख नाटककार महेश एलकुंचवार यांचे जन्मगाव पारवा यवतमाळ जिल्ह्यातच आहे. त्यांच्या 'प्रतिबिंब' नाटकातील मनुष्याला आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसेनासे होते. वाचनात ते न दिसणे दाखवावे लागत नाही, सांगितले की पुरते.

याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगीसारख्या गावी, हौशी मंडळी वाचनास बसली तर माणसे अपुरी पडणार आणि एकाच वाचकाकडे दोन पात्रे येणार, हे गृहीत धरावे. बोलणारे कोण, हे मग श्रोत्यास कसे कळावे? येथे मराठी क्रियापद साहाय्यास येते. 'मी आलो', 'मी आले' यांतून बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. बंगालीत किंवा इंग्रजीत ही सोय नाही. पात्रांना नावेच न देणाऱ्या नाटकात तर हा फार मोठा आधार होय. परंतु तो सर्वत्र टिकत नाही. 'मी पत्र लिहिले' या कर्मणी प्रयोगात क्रियापद पत्राच्या मागे जाते आणि वक्ता झाकला जातो. 'मी लिहीत आहे' हे वाक्य कर्तरी असूनही तितकेच मुके आहे. (कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी जातो' म्हणतात, तेथील बोलीत लिहिलेल्या संवादांना हा आधार आणखीच कमी.)

विदर्भातील बोलीत मात्र 'मी पत्र लिहून राहिलो' किंवा 'लिहून राहिली' असे म्हणतात. 'राहणे' अकर्मक असल्याने क्रियापद कर्त्याशीच जुळते आणि वक्ता पुरुष की स्त्री हे प्रत्येक वेळी कळते. प्रमाण भाषेने गमावलेली माहिती या बोलीने राखली आहे. म्हणून वैदर्भी संवाद वाचताना 'शुद्ध' करून वाचण्याची शहरी खोड केवळ अभिरुचीचा दोष नव्हे; तिने श्रोत्याच्या हातचा पुरावाच काढून घेतला जातो. 'मले', 'तुले' यांचे 'मला', 'तुला' केल्याने अर्थ बिघडत नाही, रंग उडतो. 'करून राहिली'चे 'करत आहे' केल्याने मात्र पात्रच हरवते. गावच्या वाचकाला ही रूपे शिकवावी लागत नाहीत. त्याला एवढेच सांगावे लागते की, सभेपुढे बसल्यावर ती टाकू नयेत.

निवेदकाचे कामही यावरून ठरते. प्रत्येक वाक्याआधी पात्राचे नाव उच्चारले तर संवादाची लय तुटते, आणि मुळीच न उच्चारल्यास कर्मणी वाक्यांच्या रांगेत श्रोता चुकतो. नाव तेवढ्या रांगेच्या आरंभी एकदा घ्यावे. क्रियापद स्वतः बोलत असेल तेथे निवेदकाने गप्प बसावे.