घोडा बारीक आहे आणि तापटही? मग नुसती चंदी वाढवून चालणार नाही

घोड्याच्या बरगड्या दिसायला लागल्या की बहुतेक जण पहिल्यांदा चंदी वाढवतात. पण घोडा मुळातच तापट असेल तर वजन राहतं बाजूला, त्याचं उधळणंच वाढतं. असं का होतं?

धान्यात स्टार्च भरपूर असतो. त्याची साखर होऊन ती पटकन रक्तात जाते. शिवाय घोड्याचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. एकाच वेळी जास्त धान्य दिलं तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ होतो, खुरांच्या आत दाह होतो. दोन्ही जिवावर बेतू शकतात.

मग द्यायचं काय? आधी सुका चारा वाढवा. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 8 किलो, त्यात थोडा लसूणघास. सोबत थोडं सोयाबीन तेल. वजनाला वजन धरलं तर तेलात धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि स्टार्च अजिबात नसतो. बदल मात्र दोन आठवड्यांत, हळूहळू करा.

आणि या सगळ्याआधी पशुवैद्यांकडून दात आणि जंत तपासून घ्या. घोड्याला नीट चावताच येत नसेल, तर चांगला चाराही अंगी लागत नाही.