साठ एचआरसी

ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ख्याती आहे ती बैलगाडीच्या चाकांसाठी. बोरघाट उतरून बंदरावर आलेल्या देशावरच्या गाडीवानाला परतताना पनवेलच्या चाकांची जोडी न्यायची हौस असे. चाक लाकडाचे, पण त्याचे आयुष्य ठरवायची ती वरची लोखंडी धाव. शेण्यांच्या आगीत धाव लाल करायची, फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. धाव आकसली की आरे आणि पाटे जागच्या जागी जखडून जात. या पाण्याने लोखंड कठीण होत नसे, नुसते आवळले जाई. कठीण करण्याचे काम वेगळे आणि ते लोहाराचे. कोयता, पटाशी, पहारीचे टोक लाल करून पाण्यात बुडवायचे, म्हणजे त्याला पाणी द्यायचे.

आज त्याच पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीच्या बाजारातून निघून तळोज्याच्या नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या भट्टीवर जाणाऱ्या पोलादाला पाणी दाखवले तर ते तडकते. डाय, पंच, मोल्ड आणि कटर यांसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च मिश्रधातूच्या पोलादाची ही तऱ्हा आहे. ते वाऱ्यावर कठीण होते.

कळंबोलीचा पोलाद बाजार सिडकोने मुंबईतल्या लोखंड व्यापाऱ्यांसाठी वसवला. बाहेरून पाहिले तर पत्रे, चॅनेल, अँगल आणि ट्रेलरच्या रांगा. टूल स्टीलचा, म्हणजे या हत्यारी पोलादाचा, धंदा यात वजनाने किरकोळ, किमतीने नाही. या धंद्यात सळईच्या टोकाला लावलेला रंग हीच तिची ओळख. टोक कापून विकले की रंगही जातो, म्हणून जाणते गिऱ्हाईक ग्राइंडरवर ठिणगी पाहून घेते. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी लांब आणि फुलणारी, क्रोमियम भरपूर असलेल्याची आखूड, टंगस्टनच्या हायस्पीडची काळपट तांबडी आणि विरळ. दुकानातली नावेही कामावरून पडलेली आहेत. ओएचएनएस हे तेलात कठीण होणारे आणि फारसे न आकसणारे. एचसीएचसीआर हे कार्बन आणि क्रोमियम दोन्ही जास्त असलेले, म्हणजे डी-२ आणि डी-३. गरम कामाचे हॉट डाय स्टील म्हणजे एच-११, एच-१३. ड्रिल आणि कटरसाठी एम-२.

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने घाटाकडे निघाले की खोपोली लागते. टाटांचे जलविद्युत केंद्र तिथे १९१५ साली सुरू झाले. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा युजीन स्टील कंपनीने फ्रान्सच्या युजीनच्या सहकार्याने तिथेच मिश्रधातूंच्या पोलादाचा कारखाना काढला. आसपासचे लोक त्याला मुस्को म्हणत. २०१२ मध्ये जपानची सान्यो स्पेशल स्टील आणि मित्सुई त्यात आल्या. ही सान्यो हिमेजी शहरातली पोलादवाली, टीव्ही-रेडिओवाली नव्हे. आता कारखान्याच्या नावात महिंद्रा उरलेले नाही. पनवेलच्या माणसाला टूल स्टील ही परदेशातून येणारी वस्तू वाटत नाही ती यामुळेही. ते ओतणारी भट्टी शेजारच्या तालुक्यात आहे.

वाऱ्यावर कठीण होणाऱ्या पोलादाचा शोध मात्र इंग्लंडचा. रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये टंगस्टन घातलेले पोलाद बाजारात आणले. ते तापवून नुसते गार होऊ दिले तरी कठीण होई. तीस वर्षांनी अमेरिकेत बेथलहेमच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी याच जातीच्या पोलादावर प्रयोग केले. लोहारांची पिढ्यान्‌पिढ्यांची समज अशी की ठरावीक लालीच्या पुढे पोलाद गेले की ते जळाले, कामातून गेले. टेलर-व्हाइट त्या लालीच्या पार पुढे गेले, पोलाद वितळायच्या बेतात येईपर्यंत. आधी हत्यार बिघडत गेले आणि मग एकदम पूर्वीपेक्षा कितीतरी सरस निघाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे हत्यार टोक लाल होईपर्यंत लोखंड कापत होते आणि धार टिकून होती. हायस्पीड हे नाव त्यातूनच आले.

मिश्रधातूंनी पोलादाचा गार होण्याचा हिशेब बदलतो. साध्या कार्बन पोलादाला कठीण व्हायला क्षणभराचीच संधी मिळते. त्या क्षणात पाण्याने उष्णता ओढून घेतली नाही तर ते पुन्हा मऊ होते. क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम घातले की ही घाई संपते. डी-२ मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. त्याचा बेताच्या जाडीचा ठोकळा मोकळ्या हवेत गार केला तरी तो आतपर्यंत कठीण होतो. त्यालाच पाण्यात टाकले तर वरचा थर आकसतो, आतला अजून फुगलेला असतो आणि मधल्या मध्ये भेग पडते.

म्हणजे गार करणे सोपे झाले. अवघड झाले ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे.

आधीचे म्हणजे तापवणे. ही पोलादे उष्णता आत सावकाश घेतात, म्हणून डी-२ चा जॉब थेट हजार अंशांच्या भट्टीत सरकवायचा नाही. ६५० अंशांवर थांबायचे, ८५० च्या आसपास पुन्हा थांबायचे आणि मग १०१० ते १०३० वर न्यायचे. तिथे क्रोमियम-कार्बनचे कठीण कण, म्हणजे कार्बाइड, पोलादात विरघळू लागतात. सगळे विरघळवायचे नसतात. काँक्रीटमधल्या खडीसारखे काही शिल्लक राहायला हवेत, कारण झीज सोसणारे तेच. कमी तापवले तर पोलादात पुरेसा कार्बन उतरत नाही आणि जॉब मऊ राहतो. जास्त तापवले, जास्त वेळ ठेवले, तर कण वाढतात आणि तापल्यावर तयार झालेली मऊ रचना, म्हणजे ऑस्टेनाइट, गार झाल्यावरही तशीच अडकून राहते. एम-२ ची मर्यादा याहून काटेकोर. ते १२०० अंशांच्या आसपास मोजून काही मिनिटेच ठेवायचे. डोळ्याने रंग पाहून तापमान ओळखणारा जुना कारागीर इथे पायरोमीटरवर भिस्त ठेवतो आणि ते शहाणपणाचे आहे. पावसाळ्याच्या अंधाऱ्या दुपारी आणि उन्हाच्या दिवसात लाल रंग एकसारखा दिसत नाही.

नंतरचे म्हणजे टेम्परिंग, कठीण झालेला जॉब पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे, आणि धंद्यातली खरी चोरी होते ती इथेच. भट्टीतून निघालेला जॉब हाताला सोसेल इतका, पन्नास-साठ अंशांवर आला की लगेच टेम्परिंगच्या भट्टीत गेला पाहिजे. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी दोन तुकडे मिळू शकतात. डी-२ ला ५०० अंशांच्या पुढे टेम्परिंग दिले की आत अडकलेला ऑस्टेनाइट गार होताना मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कठीण रचना, बनतो. हा नवा मार्टेन्साइट काचेसारखा ठिसूळ असतो, कारण त्याला स्वतःला अजून टेम्परिंग मिळालेले नसते. म्हणून दुसरे टेम्परिंग. हायस्पीडला तिसरे, तेही ५५० अंशांच्या आसपास. प्रत्येक फेरीला भट्टी, वीज आणि काही तास जातात. गिऱ्हाईक मात्र दारात टेम्पो लावून उभे असते.

गिऱ्हाईक काय तपासते? रॉकवेलचा आकडा. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी बेअरिंगच्या कड्या झटपट तपासता याव्यात म्हणून हे यंत्र योजले, १९१४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१९ मध्ये ते मिळाले. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि तो किती रुतला ते मोजायचे. त्यावरून मिळतो एचआरसी. कोल्ड डायच्या ड्रॉइंगवर बहुधा एकच ओळ असते: साठ एचआरसी, फार तर ५८ ते ६०. डी-२ ला २०० अंशांवर टेम्परिंग दिले तरी आकडा साठच्या आसपास येतो आणि ५०० च्या थोडे वर दिले तरी साठच्या जवळपासच राहतो. एकदा दिले की दोनदा, हेही आकडा सांगत नाही. पैसे चुकते होतात आकड्यावर, आणि पोलादाच्या पोटात काय आहे त्याबद्दल आकडा गप्प.

ते पोट उघडे पडते वायरकटवर, म्हणजे तारेवरच्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनवर. हार्डनिंग होऊन आलेला ठोकळा वायरकट मशीनवर चढतो, तार अर्ध्यापर्यंत जाते आणि अचानक आवाज होऊन ठोकळा फुटतो. डाय बनवणाऱ्या ज्या टूलरूमला हा अनुभव नाही ती विरळाच. आरोप ठरलेला: हार्डनिंग खराब. बऱ्याचदा तो खरा असतो. २०० अंशांच्या एकाच टेम्परिंगने आतले ताण निघालेले नसतात. तार जसजशी धातू कापते तसतसा त्यांना तोलून धरणारा भाग कमी होतो आणि ते मोकळे होतात. ५२० अंशांचे दुहेरी टेम्परिंग दिलेला ठोकळा हे बरेचदा निभावतो. पण काही वेळा दोष ड्रॉइंगचा असतो. आतला कोपरा राउंड न देता काटकोनी ठेवलेला, भोक काठाच्या अगदी जवळ घेतलेले, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. असा जॉब कोणत्याही भट्टीत तडकायला बसलेलाच असतो. वायरकट आणि स्पार्क मशीनही पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पांढरा थर सोडतात. तो पॉलिश करून काढायचा आणि शेवटच्या टेम्परिंगपेक्षा थोड्या कमी तापमानाला जॉब पुन्हा शेकायचा. हे काम हार्डनिंगवाल्याचे की टूलरूमचे, यावरून भांडणे होतात.

भट्ट्या दोन तऱ्हेच्या. जुनी सॉल्ट बाथ: बेरियम क्लोराइडचे मीठ वितळवून त्यात जॉब तारेने टांगायचा. उष्णता चहूबाजूंनी सारखी लागते, हवा लागत नाही, त्यामुळे पापुद्रा धरत नाही आणि वरचा कार्बन जळत नाही. मीठ तापते ते त्यातूनच वाहणाऱ्या विजेने, आणि गोठलेल्या मिठातून वीज वाहत नाही, म्हणून ही भट्टी रात्रीही पूर्ण विझू देत नाहीत. कोकणच्या दमट हवेत हे काम जपून करावे लागते. ओलसर जॉब वितळलेल्या मिठात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मीठ अंगावर उसळते, म्हणून आधी शेक देणे ही सुरक्षाही आहे. धुताना मीठ भोकात अडकून राहिले तर पावसाळ्यात जॉब चार दिवसांत गंजतो. वापरलेले मीठ आणि गाळ गटारात सोडायची सोय नाही. धोकादायक कचऱ्याच्या सरकारी यादीत पोलादाच्या हार्डनिंगची स्वतंत्र नोंद आहे. असा कचरा घेणारे मुंबई वेस्ट मॅनेजमेंटचे केंद्र तळोजा एमआयडीसीतच आहे, तेव्हा लांब असल्याचे कारण सांगायला जागा नाही.

दुसरी व्हॅक्यूम भट्टी. बंद टाकीतली हवा काढून घेतात, ग्राफाइटचे एलिमेंट तापतात आणि गार करायला दाबाखाली नायट्रोजन सोडतात. जॉब चकचकीत निघतो, वाकणे कमी, घासकाम वाचते. अॅल्युमिनियमच्या डायकास्टिंगच्या एच-१३ डायला हीच भट्टी योग्य, पण फसगतही इथेच होते. वितळलेले अॅल्युमिनियम तासन्‌तास आदळून या डायवर बारीक जाळीसारख्या चिरा पडतात. त्या किती लवकर पडतील हे डाय किती वेगाने गार केली यावर बरेच अवलंबून असते. उत्तर अमेरिकेतल्या डायकास्टिंग संघटनेने मिनिटाला किमान २८ अंशांचा वेग घालून दिला आहे. नायट्रोजनचा दाब कमी पडला, किंवा एका चार्जमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका भरणीत, जास्त डाय कोंबल्या, तर वेग घटतो. वर चकाकी तीच आणि आकडाही ४६-४८ तोच. डाय लवकर जाते आणि बोल पोलादाला लागतो.

दर बहुतेक ठिकाणी किलोवर ठरतो, आणि घोळाचे मूळ निम्मे तिथेच आहे. महिनाभर मशीनवर घडलेली डाय आणि साधा गोल तुकडा एकाच तराजूत बसतात. कमी दरात चार्ज भरून काढायचा म्हणजे जाड आणि बारीक जॉब एकत्र भरणे आले. मग जाडाला वेळ पुरत नाही आणि बारीकाला तो जास्त होतो. चांगले हार्डनिंगवाले जाडीप्रमाणे चार्ज वेगळे लावतात, थर्मोकपलचे टोक जॉबच्या भोकात बसवून आतले तापमान मोजतात आणि भट्टीचा आलेख बिलासोबत देतात. त्यांचा दर चढा असतो आणि तो वाजवी आहे.

बदल टूलरूमकडूनही व्हायला हवा. ड्रॉइंगवर नुसते ‘साठ एचआरसी’ लिहिण्याऐवजी ग्रेड, कोणत्या तापमानाला किती वेळा टेम्परिंग, हार्डनिंगनंतर वायरकट होणार की नाही, नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) आहे का, एवढे तरी लिहावे. वायरकट होणार असेल तर मोठ्या खिडकीच्या जागी हार्डनिंगआधीच ढोबळ भोक पाडून घ्यावे. चलनावर यासाठी दोन ओळी पुरतात.