जुन्या मोटारीच्या ब्रेकची वाट

वाडवडिलांपासून घरांत चालत आलेल्या वस्तूंमध्यें अलीकडे एकीची भर पडली आहे. ती म्हणजे जुनी मोटार. आजोबांनीं नांव नोंदवून, वर्षानुवर्षें वाट पाहून घेतलेली फियाट विकून टाकण्यास कोणाचें मन होत नाहीं, आणि नातवंडें तिला पुनः रस्त्यावर आणण्याचा हट्ट धरतात. हट्ट चांगला आहे. परंतु अशा जीर्णोद्धारांत रंग, झिलई आणि गाद्या यांकडे जितकें लक्ष जातें, त्याच्या दशांशहि लक्ष मोटारीच्या पोटाखालून जाणाऱ्या, करंगळीहून बारीक अशा एका नळीकडे जात नाहीं. ती नळी ब्रेकची. चॅसिसला बळकटी देतांना ती नळी कोठून न्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां मिस्त्रीचा वाटतो. वस्तुतः तो कुटुंबप्रमुखाचाहि आहे, कारण मोटारींत बसणारीं माणसें त्याच्या घरचीं असतात.

उदाहरणादाखल सर्वांच्या परिचयाची फियाटच घेऊं. इटलींतील कंपनीनें आपल्या ‘अकराशें’ या मोटारीची नवी आवृत्ति १९५३ सालीं बाहेर काढली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत तिचे अवतार पुढें दीर्घकाळ निघत राहिले, आणि १९७० नंतरच्या दशकांत तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें दोन पिढ्यांची सेवा केली. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती त्या सेवेंतून निवृत्त झाली. परंतु खाजगी मालकांच्या दारीं ती अद्यापि उभी आहे.

या मोटारीस बैलगाडीच्या साट्यासारखा निराळा, सुटा चॅसिस नाहीं. पत्र्याचे पेटीसारखे पोकळ पट्टे तळाशीं जोडून अंग आणि सांगाडा एकजीव केलेले असतात. त्या पट्ट्यांनाच आपले मिस्त्री चॅसिस म्हणतात. या पोकळींत पावसाचें पाणी शिरतें, पाणी निघून जाण्याचीं भोंकें चिखलानें बुजतात, कोंकणपट्टींत त्यांत खाऱ्या हवेची भर पडते, आणि गंज आंतून बाहेर येऊं लागतो. बाहेर रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आंतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. मागील स्प्रिंगचे पाटे जेथें टांगलेले असतात ती जागा, जॅक लावण्याची जागा आणि दरवाज्याखालचा उंबरठा हीं या गंजाचीं आवडतीं ठिकाणें होत. तेथील सडका भाग कापून नवा पत्रा बसवावा लागतो, कोठें दुहेरी पत्रा चढवावा लागतो, कोठें तिकोनी आधार जोडावा लागतो. हें काम आवश्यक आहे, यांत वाद नाहीं. अडचण एवढीच कीं, कारखान्यानें ब्रेकची नळी बहुधा याच पट्ट्यांच्या आधारानें नेलेली असते. पट्टा जाड झाला, आधार पुढें आला, कीं नळीची जुनी वाट बंद होते. मग ती वांकडीतिकडी वळवून कशीबशी दडपली जाते, आणि धोक्याचा आरंभ तेथेंच होतो.

धोका किती, हें समजण्यास थोडें पदार्थविज्ञान आठवावें. सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें दाखवून दिलें कीं, बंद पात्रांतील द्रवावर कोठेंहि दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो. याच तत्त्वावर अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक सिद्ध केला. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीवर तो चारी चाकांस आला आणि १९२४ च्या क्रायस्लरमुळें सामान्य ग्राहकांपर्यंत पोंचला. पायाचा भार ३० किलो धरला आणि पॅडलच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो भार येतो. दट्ट्याचें क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर असेल तर नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो होतो. टायरमधील हवेचा दाब दोन किलोंच्या आसपास असतो. म्हणजे ही बारीक नळी त्याच्या पंचवीसपट दाब सोसत असते.

आतां दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या मोटारींत जो जोर सांठलेला असतो, तो तीच मोटार सुमारें १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खालीं पडली असतां जमिनीवर आदळेल तितका असतो. तो जिरविण्याचें काम त्या नळीतील ओंजळभर तेलावर अवलंबून आहे. शिवाय १९६० च्या सुमारच्या बहुतेक मोटारींत चारी चाकांच्या नळ्या एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच मंडलांत जोडलेल्या असत. मागच्या एका चाकाजवळ नळी फुटली तरी पुढचीं दोन्ही चाकेंहि ब्रेकला मुकतात. दोन स्वतंत्र मंडलांची सक्ती अमेरिकेंत १९६८ च्या आरंभापासून झाली, आणि अन्यत्र ती पद्धति हळूहळू रूढ झाली. जुन्या मोटारीस हा दुसरा आसरा नसतो. घाट उतरतांना पॅडल तळाला टेकलें, तर उरतो तो केवळ हातब्रेक आणि खालचा गिअर.

म्हणून बळकटीचें काम आणि नळीची वाट यांचा विचार एकत्र व्हावयास पाहिजे. त्यांत पहिली गोष्ट क्रमाची. वेल्डिंगपूर्वी त्या बाजूच्या सर्व नळ्या आणि रबरी होज काढून घ्यावे, पेट्रोलची टाकी उतरवावी व बॅटरी सोडवावी. ब्रेकचें तेल पेट घेणारें आहे. तेल भरलेल्या नळीशेजारीं ज्वाळा वा ठिणगी चालवणें हा शुद्ध अविचार होय. पत्रा जोडून, गंजरोधक रंग देऊन तो वाळल्यावर मग नव्या नळीची मापें घ्यावीं. जुनी नळी फेंकूं नये. तिच्या वळणांवरून मूळ वाट कळते. मऊ तार त्या वाटेनें फिरवून, नव्या आधारांना वळसा देऊन तिचा नमुना करावा, आणि त्याबरहुकूम नळी वांकवावी. गुडघ्यावर दाबून वांकविलेली नळी वळणाशीं चपटी होते. त्यासाठीं वांकविण्याचें छोटें यंत्र मिळतें, तेंच वापरावें.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती ही कीं, नळी झाकून टाकूं नये. कांहीं मिस्त्री नळी नव्या पेटीच्या पोकळींतून ओवतात आणि सांगतात, ‘साहेब, दगड लागायची भीतीच उरली नाही.’ युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. परंतु ज्या ओल्या पोकळीनें जाड पत्रा खाल्ला, ती मिलिमीटरहून पातळ भिंतीच्या नळीवर दया कशी करील? आंत क्लिप मारतां येत नाहीं. नळी लोंबते, पत्र्यावर घासते, आणि झीज कोणास दिसत नाहीं. सुट्या चॅसिसच्या जुन्या गाड्यांतहि हीच गत होते. त्यांचे नालीच्या आकाराचे उघडे पट्टे बळकटीसाठीं पट्टी जोडून बंद केले, कीं नालीच्या कुशींत जाणारी नळी कायमची कोंडली जाते. जी वस्तु तपासावयाची आहे ती दिसली पाहिजे, आणि जी बदलावयाची आहे ती सांगाडा न कापतां निघाली पाहिजे. नव्या वाटेची कसोटी हीच.

तिसरी गोष्ट भोंकांची. होईल तेथवर बळकटीच्या पत्र्यास भोंक न पाडतां नळीनेंच वळसा घ्यावा. आडव्या पट्ट्यांतून जाण्यावांचून गत्यंतर नसेल, तर भोंक पट्ट्याच्या उभ्या बाजूच्या मध्यावर घ्यावें. पट्टा वांकूं लागला कीं ताण वरच्या आणि खालच्या कडांवर येतो. मध्यावर तो अत्यल्प असतो. लांकडी तुळईस भोंक पाडतांना जाणता सुतार हेंच पाहतो. भोंकांत आरपार लोखंडी नळकांडें वेल्ड करून, दोन्ही तोंडांशीं रबरी ग्रोमेट बसवून, त्यांतून नळी न्यावी. उघड्या पत्र्याची धार कंपनानें करवतीचें काम करते.

चौथी गोष्ट नळीच्या शेजाऱ्यांची. नळी चॅसिसच्या आंतल्या अंगास, त्याच्या खालच्या कडेहून वर असावी, म्हणजे गतिरोधकावर मोटार टेकली तरी मार पट्ट्यास बसेल, नळीस नाहीं. सायलेन्सरच्या पाइपापासून ती दूर ठेवावी. तसें शक्य नसेल तेथें मध्यें पत्र्याचा आडोसा करावा. फिरता प्रॉपेलर शाफ्ट, हातब्रेकची तार, हलणारे पाटे यांस तिचा स्पर्श होतां कामा नये. सुमारें ३० सेंटिमीटरवर एकेक क्लिप असावी. जेथें चाक वा ॲक्सल हलतो तेथें रबरी होजच पाहिजे. आणि चाक पूर्ण लोंबत असतां, पूर्ण दबलें असतां, व पुढील चाकें दोन्ही बाजूंस पूर्ण वळविलीं असतां तो होज ताणत वा घासत नाहीं, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

पांचवी गोष्ट धातूची आणि सांध्यांची. ४.७५ मिलिमीटर व्यासाची दुहेरी भिंतीची पोलादी नळी चालते. नव्वद भाग तांबें व दहा भाग निकेल यांच्या मिश्रणाची नळी गंजत नाहीं व सहज वळते, म्हणून ती अधिक चांगली. निव्वळ तांब्याची नळी कंपनानें कडक होऊन चिरण्याचा संभव असतो, ती टाळावी. सांधे जितके थोडे तितके बरे. नळीचें टोक यंत्रानें नीट फुलवूनच सांधा करावा. पाण्याच्या नळास लावतात तसल्या आवळकडीचा सांधा ब्रेकला कदापि चालत नाहीं. एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा दहा मिलिमीटरी नट आणि इंचास चोवीस आट्यांचा तीन-अष्टमांश इंची नट दिसण्यांत भावंडें आहेत. जाडींत फरक अर्ध्या मिलिमीटरचाहि नाहीं. तेव्हां चिमटीनें सहज फिरत नसेल तो नट पान्यानें दामटूं नये.

नव्या वाटेवर निष्कारण उंचवटे ठेवूं नयेत. तेथें हवा अडून बसते. हवा दबते, तेल दबत नाहीं. म्हणून हवा राहिली कीं पॅडल स्पंजासारखें मऊ लागतें. हवा काढतांना साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. मग एकानें पॅडल मिनिटभर जोरानें दाबून धरावें, आणि दुसऱ्यानें प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानें पुसून ओल येते कीं काय तें पाहावें. या वेळीं मोटार नुसत्या जॅकवर नसावी; खालीं लोखंडी घोडे अवश्य असावेत. डब्यावर लिहिलेल्या जातीचेंच ब्रेक ऑइल घालावें. इंजिनचें तेल गेलें तर आंतील रबरें फुगतात. तिसऱ्या प्रतीचें नवें ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं, परंतु तें हवेंतील ओल शोषतें, आणि मग तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरूं शकते. घाटांत ब्रेक तापल्यावर या फरकाचा अर्थ कळतो. दर दोन वर्षांनीं तेल बदलावें.

नव्या नळ्या घालावयाच्याच आहेत, तर दोन मंडलांचा मास्टर सिलिंडर कां बसवूं नये, असा प्रश्न सुज्ञ वाचक करतील. जाणत्या कारागिराकडून तें करून घेतल्यास सुरक्षितता निश्चित वाढते. मात्र २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं निराळी नोंदणी सुरू केली असून, तींत मोटार मूळ स्वरूपांत असावी अशी अट आहे. ती नोंदणी हवी असणारांनीं फेरफारापूर्वीं चौकशी करावी.

हें सारें आपल्या हातांनीं करावें असा आमचा आग्रह नाहीं. तें कुशल कारागिराचें काम आहे. परंतु काम घरीं आल्यावर मालकानें एकदां मोटारीखालीं दिवा धरून मास्टर सिलिंडरपासून प्रत्येक चाकापर्यंत नळी नजरेनें चालून जावें, आणि जेथें ती दिसेनाशी होईल तेथें कारण विचारावें. पुढें दरवर्षी यासाठीं एक दिवस आपल्या पंचांगांत आयताच आहे. दसऱ्यास मोटारीला झेंडूची माळ घालण्याची आपली चाल. त्या वेळीं पावसाळा नुकताच सरलेला असतो, आणि गंज व ओल यांनीं चार महिन्यांत काय केलें तें ताजें दिसतें. माळ घालण्यापूर्वीं तळ धुवावा, क्लिपा हलवून पाहाव्या, होज वांकवून चिरा पाहाव्या. घरांतील मुलांसहि सोबत घ्यावें. आजोबांची मोटार पुढें तींच चालविणार आहेत.